न मरणारी गाय

सँ-अल्फेज गावच्या दुसऱ्या रांगेत, म्हणजे शेतघरांच्या दुसऱ्या ओळीत, कुणाला नाव विचारलं तर तो नुसतं स्वतःचं नाव सांगून थांबत नाही. बापाचं, आजाचं, जमलं तर पणजाचंही सांगतो. न सांगून करतो काय? एकट्या त्या रांगेत पाच ओनेझिम होते. आपला ओनेझिम म्हणजे दामासचा ओनेझिम; दामास प्रोस्पेरचा, प्रोस्पेर जाँ-मारीचा. एवढं तो एका दमात म्हणायचा आणि जाँ-मारीपाशी आला की त्याचं घोडं अडायचं. मग खाकरायचा, पाइप झटकायचा आणि म्हणायचा, "तिथून वर सरळ माथ्युरँ व्हालकूर. फ्रान्सच्या राजाच्या अमलात जहाजातून आला, एकट्यानं जंगल तोडलं, ही जमीन केली. मधली नावं तेवढी राहिलीत. ती मिळाली की झालं."

ही मधली नावं ओनेझिम गेली चार वर्षं शोधत होता. शोधत होता म्हणजे काय, शोधणार होता. हिवाळ्यात रस्ता बर्फानं बंद, वसंतात चिखल, उन्हाळ्यात गवतकापणी, पानगळीत डुकरं मारायची. माणसाला सवड कधी मिळणार, तुम्हीच सांगा!

खरी गोष्ट अशी, की नावं हे नुसतं निमित्त होतं.

आमच्याकडे बाप थकला की जिवंतपणीच सगळं एका मुलाच्या नावावर करतो. घर, गोठा, अवजारं आणि नदीपासून थेट जंगलापर्यंत गेलेली ती लांब, चिंचोळी जमीन. आधीच पट्टीएवढी, तिचे आणखी तुकडे कोण करणार? बदल्यात मुलानं आईबापाला मरेपर्यंत सांभाळायचं. आता सांभाळायचं म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी कुणाच्या चांगुलपणावर सोडत नाही. नोटरीपुढे बसून एकेक वस्तू लिहून घेतात. इतका गहू. नाताळला एक लठ्ठ डुक्कर. लाकडं, फोडून, दारापर्यंत आणून. रविवारी चर्चला जायला घोडा. आजारपणात डॉक्टर, वेळ आलीच तर पाद्री, आणि मागाहून आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना. शिवाय एक दुभती गाय, 'न मरणारी'. म्हणजे गाय मेली तर मुलानं तोंडातून अक्षर न काढता दुसरी आणून बांधायची. म्हाताऱ्याच्या दुधात खंड पडता कामा नये.

ओनेझिमला जमीन मिळाली ती पंचविशीत. त्याआधीचे सगळे हिवाळे त्यानं लाकूडतोडीच्या कॅम्पात काढले होते, उवा आणि वाटाण्याच्या सुपाच्या संगतीत. जमीन मिळाली तशी देलिमाही मिळाली. बिनजमिनीच्या पोराला तिचा बाप दारात उभा करत नव्हता. लग्न झालं, मुलं झाली, आणि ओनेझिमचा बाप दामास मागच्या खोलीत पुढची वीस वर्षं ठणठणीत जगला. रोज सकाळी काठी आपटत यायचा आणि जे लिहिलंय ते मोजून घ्यायचा. "लिहिलंय लठ्ठ. हे डुक्कर आहे का उपास धरलेलं मांजर?" त्या वीस वर्षांत न मरणारी गाय तीनदा मेली. तिसऱ्यांदा तर ऐन जानेवारीत. ओनेझिम कमरेएवढ्या बर्फातून दोन गावं पालथी घालून नवी गाय घेऊन आला तेव्हा त्याच्या मिशांचे खिळे झाले होते. देलिमा हसून हसून खाली बसली. म्हणाली, "तुझ्या बापाची ही गाय आपल्या दोघांना पोचवून मग जाईल बघ."

देलिमा बिचारी खरंच गेली, सहा वर्षांपूर्वी. ओनेझिम सत्तरीला आला. पोरी लग्न होऊन गेल्या. घरात मुलगा एव्हारिस्त, सून रोझ-आल्मा आणि त्यांची चार पोरं. आणि जमीन अजून ओनेझिमच्याच नावावर.

याचं कारण त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. दामासनं सही केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक शेजारी बैलजोडी मागायला आला होता. अंगणात दामास उभा होता. शेजारी त्याच्या अंगावरून सरळ गोठ्याकडे, ओनेझिमकडे गेला. काहीतरी बोलायला दामासनं तोंड उघडलं होतं, ते त्यानं तसंच मिटलं. त्या दिवशी ओनेझिमची छाती फुगली होती, बापाकडे कुणाचं लक्ष! आता मात्र ते मिटलेलं तोंड त्याला रोज आठवायचं. भीती वाटायची त्याला, सरळ भीती. सही केली की आपण संपलो, मागच्या खोलीतलं एक सामान झालो.

पण भीतीपायी मुलाला तिष्ठत ठेवलं तर मुलगा किती दिवस तिष्ठणार?

१९११च्या मार्चात साखरेचा हंगाम चालू होता. जंगलाच्या टोकाला मॅपलच्या झाडांतल्या खोपटात त्या झाडांचा गोड रस उकळत होता आणि बाप, मुलगा, सून तिघंही घामानं निथळत होते. तिथं एव्हारिस्तनं विषय काढला. हा माणूस तसा मुखदुर्बळ. बोलला की समजावं, गळ्याशी आलंय.

"बाबा, लोवेलहून निरोप आलाय. रोझ-आल्माच्या भावाचा."

रोझ-आल्माचा भाऊ दक्षिणेला, सरहद्दीपलीकडे स्टेट्समध्ये, लोवेलच्या कापडगिरणीत मुकादम होता. रांगेतली निम्मी तरुण मंडळी एव्हाना तिकडेच गेली होती.

"बरा आहे ना तो?" ओनेझिम कढईतून नजर न काढता म्हणाला.

"गिरणीत दोन जागा आहेत. वरच राहायला खोल्या. ईस्टरच्या आत हो-नाही कळवायचंय."

"मग कळव ना, नाही म्हणून."

"बाबा, मी चौतीस वर्षांचा झालो. अजून एक खिळा ठोकायचा तर तुम्हाला विचारावं लागतं."

"मग विचारत जा की. मी कधी नाही म्हटलंय?"

"तेच तर! नाही म्हणत नाही, अन् हो पण म्हणत नाही. मला जायचं नाहीये. पण दुसऱ्याच्या जमिनीवर गडी म्हणून मरायचंही नाहीये."

दुसऱ्याच्या! हा शब्द ओनेझिमला मिरचीसारखा झोंबला. पण त्याच्याकडे ठेवणीतलं उत्तर तयार होतं. "अरे, मी काय नाही म्हणतोय? पण जी वस्तू द्यायची ती आपल्यापर्यंत कशी आली हे नको कळायला? माथ्युरँपर्यंतची नावं एकदा लागू देत—"

"मामंजी," रोझ-आल्मा फेस काढता काढता म्हणाली, "आदमापर्यंत नका जाऊ म्हणजे मिळवलं. त्याला बापच नव्हता. तिथं अडकाल."

"तू गप गं, सूनबाई."

"गप कशाला? शोधायचीत ना नावं? शोधा. उद्याच जा पाद्रीबाबांकडे. मी घोडा जुंपून ठेवते."

आणि तिनं खरंच ठेवला. सकाळी ओनेझिम बाहेर आला तर बर्फावरची घसरगाडी दारात, गुडघ्यावर घ्यायचं अस्वलाचं कातडं झटकून ठेवलेलं. आता मागे फिरायचं तर चारचौघांत शोभा. गेला बिचारा.

पाद्रीबाबांनी चर्चची जुनी लग्ननोंद काढली. ओनेझिमला वाचता येत नव्हतं, म्हणून ते वाचत गेले आणि हा ऐकत गेला. जाँ-मारी कुणाचा? ओग्युस्तँचा. वा! ओनेझिमनं मनातल्या मनात पायरी चढली. ओग्युस्तँ कुणाचा? पाद्रीबाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ओग्युस्तँ, गाब्रिएल आमलँचा."

"कोण आमलँ? दुसऱ्याच कुणाचं पान लागलं असेल."

"पान बरोबर आहे. आई, मार्गरीत व्हालकूर. माथ्युरँची मुलगी."

ओनेझिम उठून उभा राहिला. आयुष्यभर जत्रेत, मिसेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर, कॅम्पातल्या चुलीपाशी त्यानं या व्हालकूर रक्ताच्या बढाया मारल्या होत्या. आणि वर जाऊन बघतो तर शिडीची वरची पायरी बाईची, आणि पलीकडे कुणीतरी आमलँ! "पाद्रीबाबा, हा आमलँ होता कोण?"

"ते इथं नाही लिहिलेलं. झेफिरीन आत्याला विचारा. ती असेपर्यंत मला कशाला त्रास देता?"

झेफिरीन आत्या म्हणजे दामासची धाकटी बहीण. नव्वदी उलटलेली, दात एक नाही, पण जीभ शाबूत. पहिल्या रांगेत लेकीकडे असायची. ओनेझिमनं घोडा तिकडेच वळवला. आत्या खिडकीत बसून लोकर पिंजत होती.

"आत्या, गाब्रिएल आमलँ कोण?"

"आला का एकदाचा!" आत्या म्हणाली. "सत्तर वर्षं लागली तुला विचारायला. तुझ्या बापानं तर मरेपर्यंत नाही विचारलं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मला आजीनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. तुम्ही बाप्ये नुसतं ह्याचा हा अन् त्याचा तो करत बसता. बायका कुठं असतात तुमच्या त्या जपात? म्हणून तर अडकता."

"बरं बाई, चुकलं. सांग आता."

आत्यानं लोकर बाजूला ठेवली. गोष्ट सांगायची म्हटली की तिला हात मोकळे लागायचे. "माथ्युरँ म्हणजे तुझ्यासारखाच. मुठीतून वाळू सुटायची नाही. तीन पोरगे होते, एकेक बैलासारखा. थोरला म्हणाला, बाबा, जमीन द्या, लग्न करायचंय. हा म्हणाला, देतो, गवत कापून होऊ दे. मग गहू होऊ दे. मग बर्फ वितळू दे. एका वसंतात थोरला कातडीच्या व्यापाऱ्यांच्या होडीत बसला आणि पश्चिमेला गेला. दुसरा त्याच्यामागं. तिसरा रडत गेला म्हणे, पण गेला. परत एकही नाही आला."

"मग?"

"मग काय? घरात राहिली मार्गरीत आणि आमलँ. तीन वर्षांच्या करारावर जहाजातून आलेला गडी. ना जमीन, ना जात्याचा दगड. म्हातारा आधी त्या दोघांचं लग्न होऊ देईना. पुढं म्हातारा बर्फावर पडला, मांडी मोडली. त्याला पाठीवर घेऊन हिंडवायला कोण होतं? गडीच. तेव्हा कुठं सही केली. बोटभर विश्वास नव्हता, म्हणून हातभर यादी लिहून घेतली. गहू, डुक्कर, लाकडं, न मरणारी गाय. वर अट, की पोरांनी व्हालकूर नाव लावायचं. आणि त्या गड्यानं सगळं दिलं, एक दाणा कमी न करता." आत्यानं त्याच्याकडे बोट केलं. "ज्या नाकाची एवढी मिजास करतोस ना, ते त्या गड्याचं आहे. खऱ्या व्हालकूरांनी तर केव्हाच नदी धरली."

ओनेझिम आधी चिडला. आत्याला म्हातारचळ लागलाय म्हणाला, दार आपटून बाहेर आला. पण घोडा चालीला लागला तसा त्याचा राग उतरत गेला आणि खाली दुसरंच काही उरलं. तीन पोरगे. गवत होऊ दे, गहू होऊ दे, बर्फ वितळू दे. हे तर त्याचेच शब्द होते. दोनशे वर्षांपूर्वीचा तो म्हातारा त्याला आता पराक्रमी वाटेना. अंगणात एकटा उभा राहून नदीकडे बघणारा, हट्टापायी तीन लेकरं घालवून बसलेला माणूस दिसायला लागला. एव्हारिस्त होडीत बसणार नव्हता, आगगाडीत बसणार होता, एवढाच काय तो फरक. ओनेझिमच्या डोळ्यांना पाणी आलं. वारं लागलं असेल, असं त्यानं घोड्याला मोठ्यानं सांगितलं.

घरी आला तो बूट न काढताच म्हणाला, "उद्या तिघं नोटरीकडे जायचंय."

एव्हारिस्तच्या हातातला लाकडाचा भारा खाली पडला. रोझ-आल्मा म्हणाली, "सगळी नावं मिळाली?"

"पुरेशी मिळाली."

नोटरी गिनार हा गोलमटोल, हसरा माणूस. रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या मागण्या त्यानंच लिहिलेल्या. त्यानं टाक शाईत बुडवला. "बोला, ओनेझिमकाका. जमीन, घर, गुरं एव्हारिस्तला. आता तुमचं सांगा. गहू किती?"

"नको."

"बरं, डुक्कर?"

"नको."

नोटरी हसला. "गाय तरी?"

"काहीच नको. सगळं त्याचं. बदल्यात काही नाही. तसं लिहा."

टाक हवेतच राहिला. एव्हारिस्त कानापर्यंत लाल झाला. ओनेझिमला वाटलं, आता पोरगा गळ्यात पडणार. त्याच्याऐवजी सून उठून उभी राहिली.

"काही नको म्हणजे काय, मामंजी?"

"म्हणजे काही नको. तुमच्या मानेवर ओझं कशाला?"

"असं! म्हणजे तुम्ही आमच्यात राहणार नाही. थोरल्या वन्संकडे जाणार, का चर्चच्या पायरीवर बसणार?"

"अगं, मी कुठं म्हटलं तसं?"

"मग काय म्हटलंत? उद्या रविवारी अख्खी दुसरी रांग म्हणेल, रोझ-आल्मानं सासऱ्याला फडक्यासारखा पिळला, एक गाय सुद्धा दिली नाही! माझ्या बापाला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"सूनबाई, ऐक. त्या माथ्युरँनं विश्वास नव्हता म्हणून लिहून घेतलं. माझा तुमच्यावर विश्वास आहे, म्हणून म्हणतो—"

"विश्वास आहे तर मागा की! परक्याकडे कोण मागतं?" रोझ-आल्माचा आवाज चिरकला आणि तिलाच ते आवडलं नाही, म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलली. "जो मागत नाही तो पाहुणा. मला घरात पाहुणा नकोय. सासरा हवाय. तुम्ही कुरकुर करायची, मी ऐकायची, मग मी दोन बोलायची, तुम्ही ऐकायची. अकरा वर्षं असंच चाललंय आणि मला काही दुखलं नाही."

बायको गेल्यापासून इतक्या आपुलकीनं ओनेझिमला कुणी रागावलं नव्हतं.

"लिहा हो, नोटरीसाहेब," रोझ-आल्मानं खुर्ची पुढे ओढली. "मी सांगते. गाय. न मरणारी. आणि दूध देणारी बरं का, नुसती शोभेला उभी नको."

"गाय, न मरणारी," नोटरी घाईघाईनं लिहायला लागला.

"डुक्कर, लठ्ठ. लाकडं मॅपलची, धूर करणारी नकोत, ह्यांना खोकला होतो. मागची खोली नाही, स्वयंपाकघराशेजारची, ऊब असलेली. तंबाखू."

"आणि साखर," एव्हारिस्त पहिल्यांदाच बोलला. "पहिल्या उकळीची. त्यांना तीच लागते."

"मिसा किती?" नोटरीनं विचारलं.

"पंचवीस," रोझ-आल्मा म्हणाली.

"पंचवीस?" ओनेझिमला कंठ फुटला. "एवढी काय पापं केलीत मी?"

"ते तुम्हाला ठाऊक. कमी पडायला नकोत."

नोटरी एवढा हसला की कागदावर शाईचा ठिपका पडला. तो टिपून घेईपर्यंत रोझ-आल्मानं आणखी एक सांगून टाकलं. "आणि जेवायच्या टेबलाच्या डोक्याची, घरधन्याची खुर्ची मामंजींची. मरेपर्यंत."

"ते नको," ओनेझिम म्हणाला.

"पुन्हा सुरू झालं!"

"नाही, ऐक तर. गाय घेतो. डुक्कर घेतो. पंचवीस मिसाही घेतो, काय करणार! पण ती खुर्ची नको. ती द्यायलाच तर इथं आलोय."

रोझ-आल्मानं नोटरीला ती ओळ वगळायला सांगितली. मग ओनेझिमनं टाक हातात घेतला आणि नोटरीनं दाखवलेल्या जागी फुली मारली. परतीच्या वाटेवर रोझ-आल्मा एवढंच म्हणाली, की भावाला कळवायला हवं, त्या जागा दुसऱ्या कुणाला तरी दे.

दुपार झाली होती, पोरं भुकेनं कावली होती. टेबलावर वाटाण्याचं सूप आलं आणि डोक्याच्या खुर्चीपुढे नेहमीसारखा अख्खा पाव आणि सुरी. आमच्याकडे घरधन्यानं सुरीच्या टोकानं पावाच्या पाठीवर क्रूस काढल्याशिवाय पाव कापला जात नाही. पंचेचाळीस वर्षं तो क्रूस ओनेझिमनं काढला होता. त्याचे पाय सवयीनं खुर्चीकडे वळले. वळले आणि थांबले. मग तो बाकाला वळसा घालून पोरांच्या रांगेत जाऊन बसला. सगळ्यात धाकटीनं सरकून त्याला जागा केली.

एव्हारिस्त मात्र खुर्चीमागं उभाच. चौतीस वर्षांचा दांडगा गडी, हात कुठं ठेवावेत कळेना त्याला.

"बस रे," ओनेझिम म्हणाला. "धनी उभा राहिला तर बाकीच्यांनी जेवायचं कधी?"

एव्हारिस्त बसला. पाव उलटा केला, सुरीचं टोक टेकवलं. क्रूस तिरका आला. मग त्यानं पहिली चकती कापली आणि हात लांब करून बापाच्या ताटलीत ठेवली.

ओनेझिमनं ती उचलली, उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली. घसा खाकरला.

"जाड कापलीस," तो म्हणाला.

"झालं ह्यांचं सुरू!" रोझ-आल्मा म्हणाली आणि तिनं त्याच्या वाडग्यात काठोकाठ सूप ओतलं.